जिन्याखालचे मीटर

घरात जे जे जळते, सरते किंवा आटते, त्याचे माप डोळ्यांसमोर असावे, अशी आपल्या जुन्या संसाराची रीत होती. समईतले तेल दिसे. कंदील कानाशी धरून हलवला की आत रॉकेल किती उरले ते कळे. परसदारी रचलेली लाकडांची रास पावसाळाभर पुरेल की नाही, हे घरातली म्हातारी नुसत्या नजरेने सांगे. रांजणाचा तळ दिसू लागला की मुले अंघोळीला दोन तांबे पाणी कमी घेत. काटकसर हा गुण त्या पिढीने व्याख्याने ऐकून कमावला नव्हता. वस्तू स्वतःच आपली शिल्लक सांगत होती आणि माणसे ते ऐकत होती.

विजेने ही रीत मोडली. हिला रंग नाही, वास नाही, रास नाही, तळ नाही. बटण दाबावे आणि दिवा लागावा! किती वीज गेली ते कळायचे महिन्याने, बिल हाती पडल्यावर. म्हणजे वरातीमागून घोडे. आणि बिलावरचा तो आकडा सगळ्या घराचा, सगळ्या महिन्याचा, एकगठ्ठा. त्यात पंख्याचे किती, इस्त्रीचे किती आणि विसरून चालू राहिलेल्या गिझरचे किती, याचा पत्ताच नाही. दुधाचा हिशेब आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या रोज मांडतो. अर्धा लिटर जास्त घेतले तर त्याच दिवशी चौकटीत खूण करतो. विजेची अशी खूण करायला मात्र आपल्यापाशी काहीच नव्हते.

वास्तविक वीज मोजणारे यंत्र प्रत्येक घरात पहिल्यापासून होते. पण ते असे जिन्याखाली, पेटीत, जाळीदार दाराआड. ते बोलत होते, पण घराशी बोलत नव्हते. ते घराशी कधी आणि कसे बोलू लागले, त्याने खरोखर किती वीज वाचली आणि आता त्याचे कान नि तोंड कोणाकडे वळले आहे, याची ही हकीकत आहे. दिव्यांच्या सणात ती वाचायला हरकत नसावी.

१८८२ सालच्या ४ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले. दिवे विकण्यापेक्षा वीज विकणे अवघड. कारण विकायचे तर मोजायला हवे. एडिसनने त्यावर रसायनशास्त्रातला तोडगा काढला. काचेच्या बरणीत जस्ताच्या क्षाराचे पाणी आणि त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या. घरातल्या विजेचा ठराविक लहानसा भाग या बरणीतून जाई, आणि जितकी वीज वाहे तितके जस्त एका पट्टीवरून झिजून दुसरीवर चढे. महिन्याकाठी कंपनीचा माणूस येई, पट्ट्या काढून नेई आणि तराजूत तोली. वजनातल्या फरकावरून बिल तयार होई. थंडीत बरणीतले पाणी गोठू नये म्हणून मीटरच्या पेटीतच एक दिवा ठेवावा लागे. उजेड मोजण्यासाठी आणखी थोडा उजेड जाळावा लागत होता, असेच म्हणा ना!

या मीटरमध्ये वाचण्याजोगा काटा नव्हता, आकडा नव्हता. गिऱ्हाईकाने पेटी उघडून पाहिली असती, तरी दोन राखी पट्ट्यांपलीकडे त्याला काही दिसले नसते. तराजू कंपनीचा, तोलणारा कंपनीचा, आणि विश्वास मात्र गिऱ्हाईकाने ठेवायचा. हे यंत्र कोणासाठी जन्मले, ते यावरून स्पष्ट होते. मौज अशी, की त्याच १८८२ साली आपल्या मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले होते. ते लावणारी कंपनी लवकरच बुडाली आणि मुंबईला पुन्हा गॅसच्या दिव्यांवर समाधान मानावे लागले.

पुढच्या दहा वर्षांत मीटर सुधारले. १८८८ साली अमेरिकेत शॅलेनबर्गर नावाच्या अभियंत्याने एक स्प्रिंग निसटून पडलेली पाहिली. ती विजेच्या चुंबकी ओढीने आपोआप फिरत होती. त्यातून त्याला फिरत्या चकतीच्या मीटरची कल्पना सुचली. १८८९ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात ओटो ब्लाथी याने तसेच मीटर बाजारात आणले. त्याचे वजन सुमारे २३ किलो होते. पुढे ते हलके झाले, स्वस्त झाले आणि जगभर गेले. आपल्यापैकी ज्यांनी चाळीशी ओलांडली आहे, त्यांनी ती ॲल्युमिनियमची चकती पाहिली असेल. कडेवर काळी खूण असलेली ती चकती मंद गतीने फिरत असे आणि इस्त्री लावली की पळू लागे. चकती आली, आकडे आले. निदान वाचता येण्याजोगे काही आले. परंतु मीटरची जागा बदलली नाही. ते राहिले जिन्याखाली, तळघरात, दाराबाहेर, जिथे रीडिंग घेणाऱ्या माणसाला सोयीचे होईल तिथे.

यात कंपन्यांचा काही कावा होता असे समजण्याचे कारण नाही. त्या काळी वीज वाचवावी असे कोणाच्याच मनात नव्हते. मुंबईत १९०५ साली वीज आणि ट्रामची कंपनी आली, १९०७ साली विजेची ट्राम धावली, १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून टाटांची वीज गिरण्यांना मिळू लागली. १९६० साली राज्य जन्मले त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि खेड्यापाड्यांत खांब उभे राहू लागले. गावात पहिला दिवा लागला की नारळ फुटत, पेढे वाटले जात. ज्या घरात काल अंधार होता त्या घराला 'जपून वापरा' असे कोण सांगणार? आधी वीज पोचू दे, हीच त्या पिढीची तळमळ होती, आणि ती रास्त होती.

गरिबांच्या वाट्याला मात्र एक वेगळे मीटर फार पूर्वीच आले होते. १८९० च्या दशकात इंग्लंडमधल्या कामगारवस्त्यांत नाणे टाकले की गॅस सोडणारी मीटरे बसली. मागाहून विजेचीही आली. शिलिंग टाकले की दिवा; शिलिंग संपले की अंधार. कामगाराच्या घरात काय जळते आहे ते त्याला क्षणोक्षणी कळत होते, यात शंका नाही. पण ते कळणे आणि अंधाराचे भय यांची तिथे गाठ मारलेली होती. ही गाठ लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्राएल युद्ध पेटले, तेल उत्पादक राष्ट्रांनी हात आखडला आणि थोड्याच महिन्यांत खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. हॉलंडमध्ये त्या नोव्हेंबरात रविवारी मोटारी बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. रिकाम्या हमरस्त्यांवर मुले सायकली फिरवू लागली. श्रीमंत राष्ट्रांना प्रथमच रांजणाचा तळ दिसला. तेव्हा घराघरांतल्या जळणाचा विचार सुरू झाला.

त्याच सुमाराची एक कथा डोनेला मेडोज या अमेरिकन विदुषीने आपल्या ग्रंथात सांगितली आहे. ती तिने डेन्मार्कमधल्या एका परिषदेत ऐकली होती. ॲमस्टरडॅमजवळच्या एका वसाहतीत सगळी घरे एकाच नकाशावर बांधलेली. तरी काही घरांत वीज बाकीच्यांपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी जळे. माणसे सारखी, दर सारखे. मग हे कशामुळे? शोध घेता असे दिसले, की जास्त वापराच्या घरांत मीटर तळघरात होते आणि कमी वापराच्या घरांत ते पुढच्या दाराशी, येता-जाता दिसेल असे. फरक काय तो एवढाच! ही कथा ऐकीव आहे, काटेकोर प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे, हे ध्यानात ठेवलेले बरे. एकतृतीयांश इतकी बचत पुढच्या मोठ्या प्रयोगांत दिसली नाही. पण कथेने विचारलेला प्रश्न मात्र खराच होता: मीटर जिन्याखालून दिवाणखान्यात आणले तर काय होईल?

हा प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने तपासण्याचे काम अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मंडळींनी हाती घेतले. न्यू जर्सीत ट्विन रिव्हर्स नावाची नवी वसाहत होती. घरे एकसारखी, भिंती सारख्या, यंत्रे सारखी. तरीही शेजारशेजारच्या घरांतल्या वापरात दुपटीपर्यंत फरक दिसे. म्हणजे वीज केवळ यंत्रे खात नव्हती. माणसांच्या सवयी खात होत्या. १९७७ साली सेलिग्मन आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी तिथल्या २९ घरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. काही कुटुंबांना आठवड्यातून चार वेळा कळवले जाई, की हवामान लक्षात घेता तुमचा वापर अपेक्षेपेक्षा इतका कमी किंवा इतका जास्त झाला. बाकीच्यांना तसे कळवले नाही. ज्यांना आकडा मिळाला त्यांनी इतरांपेक्षा १०.५ टक्के वीज कमी वापरली. दंड नाही, बक्षीस नाही, उपदेश नाही. फक्त आकडा, आणि तोही वेळेवर.

दुसऱ्याच वर्षी बेकर या संशोधकाने त्यात एक भर घातली. काही घरांना त्याने २० टक्के बचतीचे अवघड उद्दिष्ट दिले, काहींना नुसते २ टक्क्यांचे. शिवाय निम्म्यांना वरचेवर आकडा कळवला. अवघड उद्दिष्ट आणि आकडा, दोन्ही ज्यांना मिळाली, त्यांनीच लक्षात येण्याजोगी, म्हणजे १३ ते १५ टक्के, बचत केली. नुसते उद्दिष्ट पांगळे ठरले. परीक्षेत पहिला नंबर काढ म्हणून मुलाला बजावायचे आणि वर्षभर त्याची एकही वही तपासायची नाही, यातलाच तो प्रकार! शिक्षकाला हे समजायला मानसशास्त्र शिकावे लागत नाही.

याच मालिकेतला मला सर्वांत आवडलेला प्रयोग निळ्या दिव्याचा आहे. उन्हाळ्यात घरे थंड करणारी यंत्रे रात्रंदिवस चालत. संध्याकाळी बाहेर गार वारा सुटला तरी आतल्या माणसांना त्याची खबर नसे. तेव्हा स्वयंपाकघरात एक लहानसा निळा दिवा बसवला. यंत्र चालू आहे आणि बाहेरची हवा सुमारे २० अंश सेल्सियसपर्यंत उतरली आहे, अशी वेळ आली की तो लुकलुकू लागे; यंत्र बंद केल्याखेरीज थांबत नसे. एवढ्याशा खुणेने त्या घरांची वीज १५.७ टक्के वाचली. यात आकडेमोड नव्हती. 'आता खिडकी उघड' एवढेच तो दिवा सांगत होता, आणि तेही ज्या क्षणी उघडायला हवी त्याच क्षणी.

आणि मग १९७९ साली प्रत्यक्ष चालता आकडा घरात आला. नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरबरो गावी, स्वयंपाकापासून उबेपर्यंत सारे विजेवर चालणाऱ्या २५ नव्या घरांत एक छोटी पेटी बसवली होती. या क्षणी घर ताशी किती सेंट खर्च करते आहे, हे ती दाखवी. शेगडी लावली की आकडा चढे, दिवा मालवला की उतरे. कंदील कानाशी धरून हलवण्याची जुनी सोय विजेला प्रथमच अशी मिळाली. मॅकलेलंड आणि कुक यांनी अकरा महिन्यांचा हिशेब मांडला, तेव्हा या घरांत सरासरी १२ टक्के वीज कमी गेलेली दिसली.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की मग प्रश्न मिटला; प्रत्येक घरात पेटी बसवा आणि वीजटंचाईला निरोप द्या. पण इतिहास इतका सरळ चालत नाही.

१९८९ साली हॉलंडमधल्या दोन संशोधकांनी, घर तापवणाऱ्या गॅसचा रोजचा वापर दाखवणारे यंत्र देऊन केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. यंत्र होते तोवर १२.३ टक्के गॅस वाचला. यंत्र काढून नेले आणि पुढे वर्षभराने पाहिले, तेव्हा वापर पुन्हा वाढलेला होता. सवय माणसात रुजली नव्हती; ती यंत्राच्या खुंटीवर टांगलेली होती. २००६ साली साराह डार्बी या ऑक्सफर्डच्या विदुषीने तोपर्यंतचे प्रयोग एकत्र करून पाहिले. वापर होत असतानाच आकडा दिसला तर ५ ते १५ टक्के बचत होते, आणि मागाहून बिलावर माहिती दिली तर शून्य ते १० टक्के, असा अंदाज तिने काढला. यानंतर ब्रिटनने मोठी परीक्षा घेतली. २००७ ते २०१० या काळात चार वीजकंपन्यांनी सुमारे ६०,००० घरे घेतली. नव्या मीटरला आकडा दाखवणाऱ्या पेटीची जोड दिली, तिथे बचत भरली साधारण ३ टक्के.

१२ कुठे आणि ३ कुठे! याची कारणे मला दोन दिसतात. पूर्वीचे प्रयोग लहान होते. पाहणारा पाहतो आहे याचे भान तिथल्या कुटुंबांना होते. आणि दुसरे असे, की नव्याचे नऊ दिवस असतात. पेटी आली की आठवडाभर सगळे घर तिच्याभोवती जमते. कुठले बटण दाबले की आकडा किती उडी मारतो, याची मुलांत पैज लागते. मग पेटी फळीवर जाते, तिच्यापुढे फुलदाणी येते, तिची बॅटरी उतरते. इंग्लंडमध्ये हारग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १५ घरांत जाऊन माणसांशी बोलणी केली. त्यांना आणखीही एक गोष्ट आढळली. आकडा सगळ्यांना सारखाच दिसतो, पण त्याचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो, आणि क्वचित त्यावरून घरात खटके उडतात. आपल्या घरांची कल्पना करा: बाबांच्या हातात आकडा पडला की तो हिशेब राहत नाही, छडी होते. स्वयंपाकघरात मिक्सर फिरला की बाहेरून हाक येणार. म्हणून पेटी कुठे ठेवली यापेक्षा ती कोणाच्या हाती दिली, हे अधिक महत्त्वाचे. ती मुलांच्या आणि गृहिणीच्या हाती असावी, तक्रार करणाऱ्याच्या नव्हे.

माणसाच्या स्वभावाची गंमत दाखवणारा एक प्रयोग २००७ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावचा प्रसिद्ध झाला. सुमारे २९० घरांच्या दारांवर चिठ्ठी लावली: तुमचा वापर इतका, शेजारपाजारची सरासरी इतकी. जास्त वापरणाऱ्यांनी तो कमी केला. पण कमी वापरणाऱ्यांना जेव्हा कळले की आपण लोकांपेक्षा मागे आहोत, तेव्हा त्यांनी वापर वाढवला! मग काहींच्या चिठ्ठीवर आकड्याशेजारी एक हसरा चेहरा काढला, आणि त्या घरांतली वाढ थांबली. शाबासकीचे दोन शब्द वहीत लाल शाईने का लिहावेत, याचे उत्तर इथे मिळते.

३ टक्के म्हणजे काहीच नाही, असे कोणी म्हणेल. पण थेंबे थेंबे तळे साचे, हे विजेइतके दुसऱ्या कशाला लागू पडत नसेल. संध्याकाळी सात वाजता सगळे गाव एकदम दिवे, पंखे, शेगड्या लावते. त्या दोन-तीन तासांसाठी म्हणून जादा वीजकेंद्रे बांधून सज्ज ठेवावी लागतात. जपानात २०११ च्या मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामीने फुकुशिमाची अणुभट्टी निकामी केली. त्या उन्हाळ्यात टोकियो आणि ईशान्य भागापुढे १५ टक्के कपातीचे लक्ष्य ठेवले गेले. हवामानाच्या अंदाजासारखा 'विजेचा अंदाज' लोकांना दाखवला जाई: आज क्षमतेच्या इतके टक्के मागणी आहे. घरातल्या पेटीचे काम तिथे सगळ्या नगरीसाठी एका आकड्याने केले. लोकांनी तो पाहिला आणि पंखे घेतले, कोट उतरवले.

आता नाण्याची दुसरी बाजू. मीटर घराशी बोलू लागले, ते चांगले झाले. पण ते घराविषयीही बोलू लागले. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या एम. आय. टी. या संस्थेत जॉर्ज हार्ट हा संशोधक काम करत होता. त्याने असे दाखवून दिले, की घरातल्या प्रत्येक वस्तूला वेगळे यंत्र जोडण्याची गरज नाही. मुख्य तारेतल्या विजेचे चढउतार बारकाईने पाहिले तरी फ्रीज केव्हा लागला, पंप केव्हा बंद झाला, हे ओळखता येते. आणि त्यातला धोकाही १९८९ साली त्यानेच लिहून ठेवला. जो हे चढउतार पाहील, त्याला घरचे लोक केव्हा उठतात, केव्हा निजतात, केव्हा गावाला जातात, हे दार न ठोठावता कळेल. हॉलंडच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ साली नेमक्या याच कारणावरून मीटरची सक्ती रोखली. ग्राहकाला नकाराचा हक्क दिल्यावरच तो कायदा पुढे सरकला. ज्या देशाने दाराशी मीटर लावण्याची कथा जगाला दिली, त्यानेच दाराच्या आत डोकावू नका म्हणून बजावले. माझ्या मते या दोन गोष्टींत विरोध नाही. आकडा आधी घराचा आहे, मग कंपनीचा, एवढेच दोन्ही सांगतात.

आणि आपण? आपल्या देशात २००१ साली ऊर्जा संवर्धनाचा कायदा झाला. २००६ पासून फ्रीज आणि वातानुकूलन यंत्रांवर ताऱ्यांची चिठ्ठी दिसू लागली. ती चांगलीच, पण दुकानात एकदा बोलते आणि घरी आल्यावर गप्प बसते. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने २०१८ पासून महाराष्ट्रात आणि उत्तर प्रदेशात काही घरांत मापक बसवून घरगुती वापराच्या नोंदी घेतल्या. २०२१ साली केंद्र सरकारने देशभर सुमारे २५ कोटी 'स्मार्ट' मीटरे बसवण्याची योजना हाती घेतली. मूळ बेत आधी पैसे भरण्याच्या, म्हणजे प्रीपेड मीटरांचा होता. ती जुन्या शिलिंगची गाठ पुन्हा आली, ती अशी. महाराष्ट्रात त्याला विरोध झाला आणि २०२४ साली राज्य सरकारने सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नसल्याचे जाहीर केले.

हे नवे मीटर दर पंधरा मिनिटांचा किंवा अर्ध्या तासाचा वापर टिपून कंपनीकडे पाठवू शकते. ग्राहकाला तो मोबाईलवर पाहता येतो. पण शोधून, उघडून, मुद्दाम पाहिला तर. ब्रिटनमध्ये नव्या मीटरबरोबर घरात ठेवायची पेटी ग्राहकाला विनामूल्य देऊ करतात. आपल्या योजनेत तशी सर्रास सोय नाही. मीटर बदलले, पण ते अजून जिन्याखालीच आहे, आणि त्याचे तोंड अजून कंपनीकडेच आहे. लोकांच्या मनात संशय आहे, तो बराचसा यातूनच. ज्याचा आकडा त्याला आधी दाखवला, तर हेच मीटर त्याच्या बाजूचा साक्षीदार ठरेल. महावितरणच्या घरगुती दरांत १०० युनिटांपर्यंत एक भाव, ३०० पर्यंत दुसरा, मग त्याहून चढा. आपण शंभरी केव्हा ओलांडली हे वीस तारखेला कळले तर उपयोग; बिल आल्यावर कळून काय करायचे?

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या घरात दोन दिवे, एक पंखा आणि एक टीव्ही आहे, त्या घराला बचतीचा उपदेश करण्यात अर्थ नाही. ते घर पै-पैचा हिशेब आधीच ठेवते. आकडा हवा तो आपल्यासारख्या मध्यम नि वरच्या घरांना, जिथे वस्तू जास्त आणि लक्ष कमी.

सरकारी पेटी येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हाताशी एक सोय आहे, ती वापरून पाहावी. घराघरांतल्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवरच छापलेले असते. पुष्कळ मीटरांवर तो आकडा ३२०० असतो. अशा मीटरवर एका मिनिटात जितके ठोके पडतील, त्याला १९ ने गुणले की घरात त्या घटकेला साधारण किती वॅट वीज चालू आहे ते कळते. आठवीच्या वर्गाला मी हे गणित घालतो. ९ वॅटच्या दिव्याला दोन मिनिटांत जेमतेम एक ठोका पडतो, साध्या पंख्याला मिनिटाला चार, आणि २००० वॅटच्या गिझरला शंभराच्या वर. मोजता मोजता मुलांची दमछाक होते. गिझर पाव तास सलग तापला, तर तेवढ्या विजेत तो दिवा ५५ तास जळेल. दिवा मालवला नाही म्हणून मुलांना रागावणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा आकडा ध्यानात घ्यावा. एका मुलीने घरातली सारी बटणे बंद करून पाहिली, तरी लाल दिवा थांबेना. शोधता शोधता तिला टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स सापडला. असा डबा १० वॅट खात दिवसरात्र चालू राहिला, तर महिन्याला सात युनिटे जातात आणि कोणालाच पत्ता नसतो.

या दिवाळीत फराळ झाल्यावर मुलांच्या हाती घड्याळ द्यावे, कागद-पेन्सिल द्यावी आणि त्यांना मीटरपाशी पाठवावे. मोठ्यांनी घरात एकेक वस्तू लावावी आणि बंद करावी. मुलांनी ठोके मोजावेत. सापडलेले आकडे दुधाच्या हिशेबाशेजारी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावेत. दर रविवारी एकाने मीटरचे रीडिंग घेऊन तिथेच टिपावे. आणि हो, आकाशकंदील नि पणत्या खुशाल लावाव्यात. कंदिलातल्या छोट्या दिव्याने कोणाचे बिल वाढत नाही. ते कुठे वाढते, हे तोवर मुलांनी शोधून काढलेले असेल.